लांबडं भिंतीकडे बघतं

गुरुवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी बेल वाजली. वेळ पक्की लक्षात आहे, कारण ओवीला नुकतीच झोप लागली होती आणि मी मायक्रोवेव्हच्या घड्याळाकडे बघत होते. दारात रोहन. हातात उशीचा अभ्रा, आणि अभ्र्यात काहीतरी हलत होतं. तेव्हापासून इथे आखातात, अल कुसैसच्या आमच्या फ्लॅटमध्ये इतके किस्से साठलेत, की बहिणीला फोनवर एक सांगायला घेतला तर आधी मागचे दोन सांगावे लागतात. म्हणून एकदाच लिहून काढते.

रोहन माझा चुलत दीर. जन्म इथलाच. चुलतसासरे खोर फक्कानला बंदरावर नोकरीला, म्हणून कॉलेजसाठी तो आमच्याकडे राहतो. त्याचा मित्र कॅनडाला गेला आणि आपलं अजगराचं पिल्लू, परवान्याच्या कागदांसकट, याला देऊन गेला. लांबी हातभर.

"वहिनी, इट्स ओन्ली अ बेबी."

"घरात एक बेबी आहे," मी म्हटलं. "दोन वर्षांची. जे दिसेल ते उचलते."

संध्याकाळी माझे हे ऑफिसातून आल्यावर ठरलं, पंधरा दिवस बघायचं. पिल्लू शांत झालं, खायला लागलं, तर राहील. नाहीतर यल्ला, खलास.

*

पिल्लू फार घाबरलेलं होतं. रोहनने आणलेल्या काचेच्या पेटीजवळ गेलं की फुस्स करायचं, नाहीतर अंगाचा चेंडू करून डोकं आत खुपसायचं. रोहनने नियम सांगितले. आठवडाभर हात लावायचा नाही. पुढे उचलायचं तर पोटाखालून, कारण वरून आलेला हात त्याला घारीसारखा वाटतो. लपायला एक खोका, आणि काचेला तीन बाजूंनी कापड.

मी माझी जुनी सुती साडी दिली, नेसून नेसून मऊ झालेली. ती लावली आणि फुसफुस थांबली. रोहन खूश. मला मात्र पोळ्या लाटताना वाटत राहिलं, ते आता माझा वास शिकतंय.

*

आमच्या गावी दिवेलागणीनंतर सापाचं नाव घेत नाहीत. घेतलं की येतो म्हणतात. बोलायचंच असेल तर 'लांबडं' म्हणायचं. मी तेच म्हणत होते. चौथ्या दिवशी बघते तर पेटीवर इंग्रजीत पट्टी, 'लॅम्डा'.

"ग्रीक लेटर ना, वहिनी? सुपर कूल नेम."

म्हणजे नाव टाळायला जो शब्द, तेच त्याचं नाव झालं! आणि संध्याकाळी हा दारातूनच हाका मारत यायचा, "लॅम्डाऽ, लॅम्डाऽ."

मी म्हटलं, "बाबा रे, हाक ऐकणारं एकटंच असतं असं नाही."

"वहिनी, दे हॅव नो इअर्स."

*

मग मी नुसतं 'ते' म्हणायला लागले. देवाचं जनावर, म्हणून अहो-जाहो करून. सासूबाईंचा फोन आला. सगळे बरे ना, म्हणाल्या. माझं लक्ष पेटीकडे.

"ते आठ दिवस जेवले नाहीत," मी बोलून गेले. "कोपऱ्यात अंग आखडून पडलेले असतात. जवळ गेलं की फुसफुसतात."

पलीकडून हळूच आवाज आला, "तू काही बोललीस का त्याला?"

*

नवव्या दिवशी मला राहवलं नाही. आई पंचमीला वारुळापाशी ठेवायची तशी दुधाची वाटी पेटीबाहेर ठेवली आणि ओवीला घेऊन आडवी झाले. उठले तर वाटी चाटूनपुसून रिकामी.

मी रोहनला आनंदाने सांगितलं. तो पेटीकडे गेला, झाकण ओढून बघितलं.

"वहिनी, स्नेक्स दूध पीतच नाहीत. आणि झाकणाला लॉक आहे."

"मग प्यायलं कोण?"

तेव्हा हे ऑफिसात, रोहन कॉलेजात, ओवी माझ्या कुशीत. रोहनने जेवायला काय आहे ते विचारलं.

*

अकराव्या दिवशी ते जेवलं. रोहनने चिमट्याने खायला दिलं आणि मी दाराआडून बघितलं. दोन दिवसांनी त्याने पोटाखालून उचललं, तर मनगटाला गुंडाळून गुपचूप बसलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण एक गोष्ट खटकत होती. त्याचं डोकं कायम बाथरूमच्या भिंतीकडे. पेटी फिरवली, की तासाभरात पुन्हा तिकडेच.

"व्हायब्रेशन असेल," हे म्हणाले. "आत एसीचा डक्ट आहे."

एसी सकाळपासून बंद होता.

*

पंधराव्या दिवशी, म्हणजे काल सकाळी, ओवी उठून हॉलमध्ये गेली आणि मी तिचं अंथरूण झटकायला घेतलं. चादरीखाली कात होती. कांद्याच्या पापुद्र्यासारखी, अजून ओलसर.

मी आधी ओवीला कडेवर घेतलं, मग हाक मारली.

रोहनने पेटी बघितली. लॉक लागलेलं. पिल्लू खोक्यात, अंगावर जुनीच कातडी, डोळे धुरकट. "याने अजून टाकलीच नाही," तो म्हणाला. पहिल्यांदाच पूर्ण मराठीत बोलला.

यांनी पलंगाशी कातेचं एक टोक धरलं. दुसरीकडून उलगडत रोहन मागे मागे सरकत गेला. खोलीचं दार ओलांडलं, हॉल ओलांडला, बाहेरच्या दाराला त्याची पाठ टेकली. हातात अजून गुंडाळी शिल्लक होती.

वॉचमनला सांगितलंय, बलदियाला, म्हणजे नगरपालिकेलाही कळवलंय. आम्ही ओवीला घेऊन खोर फक्कानला चुलतसासऱ्यांकडे आलोय. आमच्या आणि शेजारच्या बिल्डिंगमध्ये तुमच्या ओळखीचं कोणी असेल, घरात लहान मूल असेल, तर त्यांना आजच निरोप द्या. सकाळी मुलाला उचलायच्या आधी चादर वर करून बघा म्हणावं.