गल्ली बोलावून केलेली चोरचोळी

मला पाटावर बसवलं. समोर नऊ बायका होत्या. दुपारची वेळ, दार सताड उघडं. मोहगावच्या आमच्या गल्लीत त्या वेळी सगळ्या मोकळ्या असतात, हे माझ्या नणंदेला चांगलं ठाऊक होतं.

तिने माझ्या मांडीवर हिरवं ब्लाउजपीस ठेवलं. पदरात गहू घातले, वर नारळ. एक बाई म्हणाली, "पोरगी लग्नाले आली न् मायच्या ओटीत नारळ." सगळ्या हसल्या. नणंद कुंकू लावायला वाकली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "आता जाय कुठी जातं पाडाले."

आमच्याकडे तिसऱ्या महिन्यात चोरचोळी करतात. दार लोटून, दिवेलागणीला, घरातल्या दोनतीन बायका. बाहेर कोणाला सांगत नाहीत, कारण अजून टिकेल की नाही याचा भरवसा नसतो. माझी चोरचोळी गल्ली बोलावून झाली. एकदा गल्लीने ओटी भरली की गल्ली पुढे पोटाकडे पाहणार. पोट दिसलं नाही तर विचारणार. एवढ्याचसाठी त्या सगळ्यांना बोलावलं होतं.

मी बेचाळीस वर्षांची आहे. दोन मुली. थोरली नागपुरात कॉलेजात, धाकटी यंदा बारावीत. संत्र्याच्या बगीच्याचा सगळा हिशेब माझ्याकडे असतो, तसा माझ्या अंगाचाही असतो. पाळी चुकली ते मला त्याच आठवड्यात कळलं. तांबी काढावी लागली तेव्हा नवऱ्याला म्हटलं होतं, तुम्ही ऑपरेशन करून घ्या. ते हसले होते.

यावेळी मात्र हसले नाहीत. मला हे मूल नको, असं सांगितलं तेव्हा म्हणाले, "तू म्हणशीन तसं." मी त्यावर विश्वास ठेवला.

नणंद सौंसरला एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. ह्यांच्यापेक्षा मोठी. माझी दोन्ही बाळंतपणं तिच्या हातची. हे घराबाहेर जाऊ नये म्हणून मी तिच्याकडेच गेले. तिने माझा हात हातात घेतला, मी करते सारं म्हणाली, फक्त नवऱ्याला सोबत आण, त्याच्या सहीशिवाय होत नाही.

आम्ही दोघं गेलो. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ह्यांना विचारलं, "आप क्या चाहते हैं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. "उनको बोलने दो."

नवरा फरशीकडे पाहत म्हणाला, "घर में पूछ के बताते हैं, मॅडम."

घरात म्हणजे कोणाला? घरातली जिला विचारायचं ती तर ह्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती. परतताना गाडीवर मी ह्यांच्या पाठीला कितीतरी विचारलं. घरी येऊन मी सासूबाई आणि नणंदेसमोर पुन्हा सगळी कारणं सांगितली. माझं वय, बीपी, धाकटीच्या वेळी गेलेलं रक्त, मुलींची शिक्षणं. मंडीत गाडीतला कापूस उपसून पाहतात आणि प्रत्येक मुठीत खोट काढतात, तसं प्रत्येक कारणाचं झालं. बीपीला गोळ्या आहेत. वय काय, सासूबाईंच्या आईला पंचेचाळिसाव्या वर्षी झालं होतं. सासूबाई म्हणाल्या, यावेळी पोरगाच आहे, माझं मन सांगते. नणंद म्हणाली, दोन दिवस थांब, मी दुसरीकडे लावून देते.

मी थांबले. आणि तिसऱ्या दिवशी पाट मांडला गेला.

पाटावर बसल्या बसल्या मला धाकटीची आठवण झाली. ती पोटात होती तेव्हा हीच नणंद, ह्याच सासूबाई. नागपूरला एक जण तपासून सांगतो, पोरगी असली तर मोकळी होऊन जा, असं महिनाभर माझ्यामागे लागल्या होत्या. मी म्हटलं होतं, पाप आहे. तेव्हा नणंदेने मला समजावलं होतं, "आत्ताच कुठी जीव आला त्याच्यात." मी गेले नाही. धाकटी झाली.

आता मला नको होतं तेव्हा तीच म्हणत होती की जीव आहे तो, पाप लागते.

म्हणजे यांना जिवाचं काही नव्हतं. पापाचंही नव्हतं. माझ्या पोटात काय राहील आणि काय जाईल हे यांना ठरवायचं होतं. तेव्हाही, आताही.

शेजारीण म्हणाली, "पीस किती छान. भाऊंनच निवडलं म्हन्ते." मी ओसरीकडे पाहिलं. नवरा पेढ्यांचा डबा घेऊन उभा होता. सकाळी हे मला सांगून गेले होते की पांढुर्ण्याला दुसऱ्या डॉक्टरची वेळ घ्यायला जातो.

मी उठले.

गहू सांडले. नारळ घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेला. सासूबाई म्हणाल्या, लक्ष्मी लाथाडली. नणंदेने माझं मनगट धरलं. "काय करून राहिली वहिनी? लोकं पाहून राहिले."

"पाहू द्या. मले हे मूल नाही पाहिजे."

"काऊन पन? कारन तं सांग."

सगळी कारणं जिभेवर होती. मी ती गिळली. कारण दिलं की ते तोलायचा हक्क समोरच्याला मिळतो, हे मला त्या क्षणी कळलं.

"नाही सांगत," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटी नागपूरला गेले. तिथल्या डॉक्टरने वय विचारलं, पाळीची तारीख विचारली, कोणाचा दबाव आहे का ते विचारलं. मी म्हटलं, आहे, पण ठेवण्याचा. नवऱ्याची सही लागेल का, असं मीच विचारलं. ते म्हणाले, "कायद्याने फक्त तुमची." सज्ञान बाईला तिची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची नाही, सासूची नाही. मी तिथेच सही केली.

इतकी वर्षं त्याच कामात असलेल्या नणंदेला हे ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. रक्त गेलं, पोट दुखलं, ते मी सोसलं. हे मात्र अजून सोसवत नाही.

परत आले तेव्हा नवरा दारातच होता. "कोनाले विचारून गेली?"

"मले विचारून."

त्याला आता वर्ष झालं. घर चालू आहे. ह्यांना जेवायला वाढते, हिशेब ठेवते. ह्यांच्या "तू म्हणशीन तसं" वर मी आता काही ठरवत नाही.

गेल्या आठवड्यात नणंद आली. तिच्या सुनेला दिवस गेलेत, चोरचोळीला ये म्हणाली. मी म्हटलं, आधी सुनेशी एकटीशी बोलेन, तिला हवंय का ते विचारेन. ती म्हणाली, "शुभकार्यात असं इचारत असते का कोनी?"

मी विचारणार आहे. दार लावून, सासू बाहेर ठेवून. हो म्हणाली तर तिची ओटी मीच भरेन. नाही म्हणाली तर नागपूरच्या गाडीत तिच्या शेजारी मी बसलेली असेन.