दोघांनी आणायची पट्टी

पुंजाजी चौकटवाला गेला, त्याला आता महिना होत आला. त्या सकाळी मी मशीनला तेल घालत होतो आणि समोरच्या दुकानाच्या फळ्या अजून निघाल्या नाहीत म्हणून मनातल्या मनात त्याला शिव्या देत होतो. वाशीमच्या बाजारात आमची दुकानं समोरासमोर. मी शिंपी, तो फोटोंना चौकटी करणारा. त्याच्या गल्लीतली माळीण भाजीची पाटी घेऊन आली आणि ती डोक्यावरून न उतरवताच म्हणाली, "तात्या, मशीन ठेवा बाजूले. पुंजाजी गेले… झोपेतच." मी विचारलं, "कुठं गेला?" इतका मी बथ्थड. मग तिनं पाटी उतरवली आणि माझ्या ओट्यावर बसून राहिली.

माणूस तसा हेकट. चौकटीची पट्टी तो अकोल्याहून पूर्ण लांबीची मागवायचा, पुरुषभर उंच आणि वर दोन हात. फोटो आला की त्याच्या मापानं कापायचा. कापून जे उरेल त्याबद्दल त्याचा स्वतःचा कायदा होता. वितीच्या आत उरलं तर त्याचे पैसे गिऱ्हाइकानं द्यायचे आणि तुकडाही त्याच्याच हातात. वितीहून जास्त उरलं तर नुकसान दुकानाचं. किन्हीराजा गावचा एक शेतकरी एकदा देवाच्या तसबिरीभोवती सुतळी फिरवूनच घरून आला. "एवढीच पट्टी लागते, एवढ्याचेच पैसे देईन," म्हणाला. पुंजाजीनं त्याला सुतळीएवढीच पट्टी कापून जुळवून दाखवली. कोपरे तिरके कापावे लागतात, त्यात लांबी जाते. चौकट तसबिरीच्या आतच येऊन बसली. शेतकरी डोकं खाजवत राहिला, आणि हा गाढव त्या वाया गेलेल्या पट्टीचा भुर्दंडही स्वतःच सोसून मोकळा झाला.

पुढं स्टेशनाजवळ नवं दुकान निघालं. तिथं कापीव पट्टी असायची, म्हणजे ठरावीक मापांचे चार-चार तुकडे, कोपरे कापूनच आलेले. घ्यायला महाग, पण वाया काही जात नाही, करवत लागत नाही, आणि गिऱ्हाइकाला एक ठोक भाव सांगता येतो. चौकटीत फोटो बसला नाही तर ते लोक फोटोच कातरायचे. शिरपूरच्या यात्रेहून आणलेली देवाची चित्रं मी तिथं पायांवाचून टांगलेली पाहिली आहेत. तरी गर्दी तिकडंच. मी पुंजाजीला म्हणायचो, "अरे, कापडाच्या चिंध्यांचे पैसे मी शिलाईत धरतो. तुझ्या तुकड्यांचा ढीग तुझ्यापेक्षा उंच झाला. तूही कापीव माल आण." तो चिडायचा. "मंग लोकायच्या आजा-आजीचे कान कापू का मी? आन दुसऱ्याच्या करवतीचे पैसे गिऱ्हाइकानं काहून द्यावे?" खरं सांगायचं तर त्यानं कापीव माल आणावा, हे मलाच नको होतं.

कारण लांब पट्टी आणायला दोन माणसं लागतात. एकट्यानं उचलली तर मध्ये वाकते आणि सोनेरी मुलाम्याला तडे जातात. म्हणून माल आला की आम्ही दोघं स्टेशनवर जायचो. गठ्ठ्याचं पुढचं टोक त्याच्या खांद्यावर, मागचं माझ्या. तो बुटका, मी ताडमाड. गठ्ठा कायम उताराला लागलेला आणि सगळं वजन आपल्यावर येतं म्हणून त्याची कुरकुर. पण त्या वाटेवर तो जेवढं बोलायचा तेवढं वर्षभरात बोलत नसे. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली, मूल नाही… हे सगळं त्यानं मला पाठमोरं सांगितलं. तोंड दिसत नसलं की त्याला जमायचं. मध्येच विचारायचा, "आयकून राह्यला ना?" मी हूं म्हणायचो. माझंही घर रिकामंच. आम्ही कधी एकमेकांच्या घरी जाऊन बसलो नाही. आमचं जे काही होतं ते स्टेशन ते बाजार, एवढ्याच रस्त्यावर होतं.

गेल्या वर्षापासून माझा उजवा खांदा धरला. कात्री चालवताना कळ यायची, गठ्ठा घेतला की डोळ्यांपुढं अंधारी. मी डाव्या खांद्यावर घ्यायला लागलो आणि त्याला काही बोललो नाही. बोललो असतो तर तो वाटेवरचा शेजारही गेला असता. तो पुढं चालायचा, त्याला काय दिसणार, अशी माझी समजूत होती.

मरणाच्या आठवडाभर आधी तो अकोल्याला जाऊन मालाची ऑर्डर देऊन आला होता. परवा त्याची बिल्टी, म्हणजे रेल्वेची मालपावती, माझ्याकडं आली. मागचं टोक धरायला मी शेजारच्या किराणावाल्याला सोबत घेतलं. पुढं मी राहणार होतो. स्टेशनवर पार्सलच्या खोलीतून हमालानं एक गठ्ठा आणला, हातभर लांबीचा, सुतळीनं बांधलेला. मी म्हटलं, "हा नव्हे, पुंजाजीचा आण."

"हाच हाय, तात्या," हमाल म्हणाला. "पुंजाजी अकोल्याहून उतरले तवा मीच इचारलं होतं, लांब पट्टी कधी येते म्हनून. त मने, आता कापीवच मांगवली. तुकडे मोठ्यात मोठ्या मापाचे घेतले, मने, म्हंजे कोनाचा फोटो कापा लागनार नाही. महाग पडते, पन तात्याच्या खांद्यानं आता होत नाही. त्याले सांगू नोको मने, उगाच भांडन करीन तो."

किराणावाला मदतीला पुढं आला, पण गठ्ठा इतका आखूड होता, की दुसऱ्या माणसाला धरायला त्यात जागाच नव्हती. त्याला मी परत पाठवलं. पुंजाजीची पट्टी मी काखेत घेतली आणि एकटाच बाजारात आलो.