बुडवायचा हुकूम

आमच्या बावडा गावच्या लोहारभट्टीवर एक रीत आहे. तापलेला कोयता पाण्यात कधी बुडवायचा, हे घरातला थोरलाच सांगणार. अब्बा ‘बुडवा’ म्हणेपर्यंत हात हलवायची कुणाची टाप नाही. त्यांनी पाणी पाजलेल्या कोयत्याची धार ऊस तोडताना सहजासहजी बोथट होत नाही, हे मी कुणी न विचारताही सांगते. मुलगी आहे मी त्यांची.

बारामती एमआयडीसीत मी स्टेनलेस स्टील तापवायची भट्टी टाकली. पहिलं काम एका डेअरीचं, दुधाच्या पाइपांच्या जाड बेंडांचं, म्हणजे वळणावरच्या तुकड्यांचं. वाकवताना ते कडक झालेले. तापवून मऊ करायचे होते, पण पुढे दुधाच्या आंबटपणाने गंजायला नकोत. गंजले तर काम गेलं आणि माझं नावही गेलं. त्या दिवशी अब्बा मुद्दाम बघायला आले होते.

केशरी झालेले बेंड साखळीला टांगलेल्या जाळीतून भट्टीबाहेर आले. मी पाण्याच्या टाकीकडे वळले, तोच अब्बा ओरडले, “पाण्यात नगं! कडक हुतील, तडकतील. सावकाश निवू द्या!”

कामगार थबकले. अब्बांचं कोयत्याच्या बाबतीत खरं होतं, पण हे स्टील उलट्या डोक्याचं. पाण्यात झटकन गार केलं की मऊ पडतं आणि गंजाला दाद देत नाही. सावकाश निवलं, तर गंज अडवणारं क्रोमियम आतल्या कार्बनला जाऊन चिकटतं आणि जागोजागी स्टील उघडं पडतं. हे समजावत बसायला वेळ कुठे होता? माझंही डोकं तापलं.

“बुडवा!” मी ओरडले.

कामगार साखळी सोडून जाळी पाण्यात उतरवणार, तेवढ्यात अब्बांनी चिमट्याने एक बेंड उचलून कोरड्या वाळूत पुरला आणि चहाही न घेता बावड्याला निघून गेले. मला फार वाईट वाटलं. तरी शब्द मागे घेतला नाही.

त्यांचा एक आणि माझा एक बेंड घासून मी मीठ घातलेल्या आंबट ताकात ठेवले. काही दिवसांनी अब्बांना बोलावलं. वाळूतल्या बेंडवर तांबूस ठिपके, पाण्यातला लख्ख. अब्बांनी लख्ख बेंडवर हातोडा घातला. तो चेपला, तडकला नाही.

“आसं बी लोखंड आसतंय व्हय?” ते म्हणाले.

इतक्यात पुढचा घाणा बाहेर आला. सवयीने मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

“माझ्याकडं काय बघतीस? हितली थोरली तू हायस.”

मी कामगारांकडे वळले. “बुडवा!” मी म्हटलं.

साखळी सगळ्यांत आधी अब्बांनीच सोडली.