मिसेस पेनरची नाडी

आयली कोस्केलाला आजवर झालेल्या आजारांची यादी केली तर गावातला कुठलाही डॉक्टर घाबरेल. अपेंडिक्स तिचं अकरा वेळा सुजलं, न्यूमोनिया दर हिवाळ्यात ठरलेला. तरी बाई ठणठणीत होती. सुपीरियर सरोवराकाठच्या आमच्या गावातल्या मेडिकल कॉलेजात आम्ही दोघं खोटे पेशंट. कार्डावर नाव, वय, दुखणं, नाडी सगळं लिहून मिळतं. आम्ही ते पाठ करून कॉटवर विव्हळायचं आणि परीक्षेला आलेल्या मुलांनी आम्हाला तपासायचं. मी रसेल, निवृत्त पोस्टमन. माझ्या वाट्याला बहुधा सुजलेला पायाचा अंगठा येतो.

आयलीनं एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. गणिताच्या पेपराला होणारी पोटदुखी तिनं इतकी पाहिली होती, की खरी कशी असते ते तिला पक्कं ठाऊक. मी नवीन असताना मुतखडा होऊन स्वस्थ पडलो होतो, तर बाहेर आल्यावर तिनं माझी खरडपट्टी काढली. "अरे, मुतखड्याचा माणूस तळमळतो, एका जागी राहत नाही. निपचित पडतो तो अपेंडिक्सवाला. हलला की कळ येते त्याला." कंपवातात तिचा हात मांडीवर थरथरायचा आणि कप उचलायला गेला की थांबायचा. दम्यात ती तीन शब्दांवर श्वास घ्यायची. नैराश्याची पेशंट झाली तेव्हा रडली नाही. कोटाचं बटण भलत्याच काजात घालून बसली आणि प्रत्येक उत्तर जरा उशिरानं दिलं. तपासणारा मुलगाच डोळे पुसत बाहेर आला.

तिचा नियम एकच. घंटा होईपर्यंत आपण पेशंट. एकदा कॉटचा पाय मोडून ती धाडकन खाली आली, तर जमिनीवरूनच विचारते, "डॉक्टर, हे थायरॉइडमुळे का हो?"

आणि या बाईनं नऊ वर्षांत खऱ्या डॉक्टरचं तोंड पाहिलं नव्हतं. "महिन्याला साठ पोरं माझ्या छातीला नळी लावतात. आणखी काय तपासायचं राहिलं?" मलाही ते पटायचं. बाकीच्या खोट्या पेशंटांनाही पटायचं. त्या हिवाळ्यात सौनासाठी, म्हणजे तिच्या घरच्या वाफेच्या न्हाणीसाठी, लाकडं आणताना ती दोनदा थांबली, तेव्हा मी म्हटलं, "वय झालं, आयली." म्हणाली, "तुझं झालं असेल." विषय संपला.

वसंतातल्या परीक्षेत तिला पित्ताशयाचे खडे होते. कार्डावर नाव डोरिस पेनर, वय अठ्ठावन्न, तळलेले मासे खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली कळ, नाडी अठ्ठ्याऐंशी आणि नियमित. हे नाडीचे आकडे बाहेर दारावरच लावलेले असतात. मुलं मनगटाला दहा सेकंद हात लावतात आणि दारावरचं बोलून दाखवतात.

पाचवी आली केझिया मूनियास. ही पार उत्तरेची. तिच्या वस्तीला विमानानं जावं लागतं आणि डॉक्टर महिन्यातून एकदा येतो. तिनं मनगट धरलं ते पूर्ण मिनिट सोडलं नाही. मग छातीला नळी लावून पुन्हा मोजलं.

"मिसेस पेनर, तुमची नाडी अडखळतेय."

"पोटाचं विचार ना, बाळ. मासे खाल्ल्यापासून—"

"विचारते हं. आधी सांगा, चालताना दम लागतो का?"

दम कार्डात नव्हता. कार्डात नसेल ते नाही म्हणायचं. आयली म्हणाली, "नाही."

कोपऱ्यातले परीक्षक खाकरले. "कार्डावर नाडी नियमित आहे. पुढे चला."

पण प्रत्येकाला मिळणारी आठ मिनिटं संपत आली होती. घंटा झाली तरी केझियाचा पोटाला हातही लागला नव्हता. दारातून ती वळली. "माझं चुकत असेल. पण आज घरी जायच्या आधी कुणाला तरी दाखवा. अशानं रक्ताची गाठ मेंदूत जाऊ शकते."

तिच्यानंतर सात जण येऊन गेले. सातही जणांनी नाडी नियमित सांगितली.

जेवणाच्या सुट्टीत आयलीनं वेलचीचा पाव काढला आणि तसाच ठेवला. "पोरीनं परीक्षा घालवली बघ," म्हणाली. थोड्या वेळानं हात पुढे केला. "रसेल, तू मोज."

मी मोजली. दोन ठोके घाईनं, मग काहीच नाही, मग तीन लागोपाठ. "मला काय कळतंय त्यातलं?" मी म्हटलं.

"सात पोरं नियमित म्हणाली."

"सात पोरांनी दार वाचलं, आयली."

ती घाबरली. तिला घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे मीही घाबरलो. "तिनं दमाचं विचारलं रे," ती म्हणाली, "आणि मी तोंडावर खोटं बोलले."

"आता उठ, सांग त्यांना."

"चार पोरं राहिलीत अजून," म्हणाली आणि आत गेली. अस्सा राग आला मला!

आमच्या खोल्यांत पातळ भिंत आहे. अंगठा धरून पडलो होतो, तिकडून तिचा आवाज आला. "मासे खाल्ल्यापासून..." मुलगा म्हणाला, "मिसेस पेनर?"

"मी पेनर नाही," आयली म्हणाली. "मी आयली कोस्केला. वय सत्तर. मला हिवाळ्यापासून दम लागतोय."

घंटा झाली नव्हती. माझ्यासमोरच्या मुलीला तसंच सोडून, सुजलेल्या अंगठ्यानिशी मी पळत सुटलो. परीक्षक तोवर तिच्या छातीला नळी लावून बसले होते, तेही पूर्ण मिनिट.

हृदयाची लयच बिघडली होती. रक्त पातळ करणारी गोळी आता जन्मभर. इस्पितळातल्या डॉक्टरनं सांगितलं, वेळेवर आलात.

मुलानं काय काय तपासलं त्याचा गुणांचा कागद आमच्याकडे पेशंटच भरतो, त्यामुळे केझियाचा कागद आयलीच्याच हातात होता. सगळ्यांना वाटलं, पोटाचेही गुण देऊन टाकेल. तिनं पोटाचा एकही रकाना भरला नाही. न केलेल्याचे गुण तिनं कधी दिलेच नव्हते. खाली फक्त लिहिलं, "मिसेस पेनरला हिनं तपासलं नाही. मला तपासलं."

तेवढी एक परीक्षा केझियाला ऑगस्टमध्ये पुन्हा द्यावी लागली. पेशंट मी होतो. माझा अंगठा टम्म सुजलेला, नाडी दारावर लिहिलेली आणि कोपऱ्यात तेच परीक्षक. मला वाटलं होतं, पोरगी आता शहाणी झाली असेल, दार वाचून मोकळी होईल. तिनं खुर्ची ओढली, माझं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिट मोजलं. या वेळी कोपऱ्यातून कुणी खाकरलं नाही.