ईश्वरीच्या पहिलीच्या बाई

बाईंच्या दोन्ही हातांवर, कोपरापासून मनगटापर्यंत, दातांचे वण होते. जुने पांढरे पडलेले, नवे काळेनिळे. देवळाली प्रवरापासून आत, उसाच्या रानातल्या आमच्या वस्तीशाळेत त्या पहिलीला शिकवायच्या, आणि दर जूनला कुणीतरी पोर त्यांना चावायचंच. घाबरलेल्या पोराला त्या ओढून आत नेत नसत. नुसता हात पुढं करून उभ्या राहायच्या. पोर चावलं तरी हात मागं घ्यायच्या नाहीत.

माझी लेक ईश्वरी शाळेत गेली ती मार खातच. उंबऱ्याला धरून बसली होती. माझ्या नवऱ्यानं रबरी नळीनं तिच्या पोटऱ्या सोलल्या आणि मोटारसायकलवर घालून तिला शाळेच्या दारात नेऊन टाकलं. मी मागून पळत पोचले, तोवर तिनं बाईंच्या हाताला चावा घेतला होता आणि आता हातातली पाटी फेकली. पाटीचा कोपरा बाईंच्या भुवईवर बसला, रक्त डोळ्यात उतरलं. पदरानं डोळा दाबून बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "अजून काय हाय का फेकायला? नसंल तर माझी चप्पल घे." ईश्वरी गोंधळून गप्प झाली.

बाई कुठल्याच पोराला रडू नको म्हणायच्या नाहीत. "रडायचं तर रड, पन सावलीत बसून रड," एवढंच. 'आई आत्ता येते' असली थाप त्यांना खपत नसे. "घंटा झाल्यावर येनार, त्याआधी न्हाई," असं तोंडावर सांगायच्या. पोरं थोडा वेळ आणखी जोरात रडायची, पण त्यांचा शब्द खरा ठरतो हे कळलं की हळूहळू रुळायची.

ईश्वरी मात्र रुळेना. शेजारच्या पोरांना ओरबाडायची, बाकावर डोकं आपटून घ्यायची. एक दिवस ती वर्गातून पळाली. पोरांना दुसऱ्या गुरुजींकडं देऊन बाई तिच्या मागोमाग उसातून चालत आल्या. अडवलं नाही, ही कुठं जाते तेवढं बघायचं होतं त्यांना. त्या आमच्या अंगणात आल्या तेव्हा नवरा माझे केस धरून माझं डोकं ओट्याच्या कडेवर आपटत होता. ईश्वरी सरळ मधे घुसली आणि त्याच्या मांडीला कडकडून चावली. त्यानं तिला लाथेनं भिरकावलं.

"सोड तिला," बाई म्हणाल्या.

"घरचा मामला हाय, बाई. तुमी तुमची शाळा बघा."

"शाळाच बघायला आलेय," म्हणत त्यांनी ईश्वरीला उचलून कडेवर घेतलं. परकं माणूस बघून तो मला ढकलून निघून गेला.

माझी जखम धुताना बाई म्हणाल्या, "मनीषा, पोरगी शाळंला भीत न्हाई. आपुन घरी नसलो तर आईला कोन सोडवनार, हे भ्या हाय तिला. आता मी तिला काय सांगू? तुझ्या आईला काय हुनार न्हाई, असं म्हनू?" जखमेवर फडकं बांधत त्या पुढं म्हणाल्या, "उद्यापासून तू बी शाळंत ये. खिडकीखाली बसायचं, खिचडीची भाजी चिरायची. तिला तू दिसली पायजे."

मी जाऊ लागले. सुरुवातीला ईश्वरी घटकेघटकेला खिडकीशी यायची. पुढं पुढं तासाला एकदा. मग एका सकाळी ती आलीच नाही. मी उठून आत डोकावले, तर ती जीभ बाहेर काढून 'क' गिरवत होती.

त्याच आठवड्यात नवरा टिकावाचा दांडा घेऊन शाळेत आला. बाईंनी मला वर्गात लोटलं, बाहेरून कडी लावली आणि दाराला पाठ देऊन उभ्या राहिल्या. पहिला घाव त्यांच्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज आम्हाला आत ऐकू आला. दुसरा खांद्यावर. पोरं किंचाळायला लागली, तशी दारापलीकडून बाईंचा नेहमीचा आवाज आला, "उजळणी म्हना रे. मोठ्यानं." पोरं रडत रडत एक, दोन, तीन म्हणू लागली. ईश्वरी माझ्या कमरेला मिठी मारून म्हणत होती.

रानातली माणसं धावत आली. त्यांनी त्याला पाडून इतकं तुडवलं की तोंड ओळखू येईना. लोंबता हात धरून बाईच मधे गेल्या. "बास. पोरं खिडकीतून बघत्यात. बांधा त्याला, आन पोलिसांना बोलवा." जबाब आधी त्यांनी दिला, मग मी दिला. तो आत गेला आणि मी ईश्वरीला घेऊन सोनईला माहेरी निघाले. हात गळ्यात बांधून बाई एसटी स्टँडवर आल्या होत्या. ईश्वरीनं विचारलं, "नव्या बाई कशा हायेत?" बाई म्हणाल्या, "मला ठावं न्हाई गं."

सोनईच्या शाळेच्या फाटकाशी ईश्वरी थांबली. माझा हात घट्ट धरून तिनं विचारलं, "घरी आजी हाय ना?"

"हाय."

"मामा?"

"तो पण हाय."

"मग तू जा," ती म्हणाली आणि हात सोडून आत गेली.

दुपारी बाईंना फोन लावून मी हे सांगितलं. पलीकडं बाई रडत होत्या.