मेघाबाई, दाणीसर आणि मी

शाळेतून रिटायर झाल्यावर मी महाडच्या एका छोट्या संस्थेत दुभाष्याचं काम धरलं. परदेशातून तीन-चार महिन्यांसाठी स्वयंसेवक यायचे, कुणी नर्स, कुणी इंग्रजी शिकवणारे. त्यांचं इंग्रजी मराठीत करायचं आणि आपल्या लोकांचं मराठी इंग्रजीत, एवढंच काम. माणसं विमानात बसून परत जातात, त्यांचे किस्से मात्र आमच्याकडेच राहतात. मी आणि आमचे ड्रायव्हर शांतारामदादा पोलादपूरच्या स्टँडवर चहाला थांबलो की एक सांगता सांगता दुसरा निघतोच. आज हसू येतं. तेव्हा मात्र घाम फुटला होता!

बहुतेक किस्से मेगन आणि डॅनियलचे. मेगन वेल्सची नर्स, पन्नाशीची, दणकट. डॅनियल कॅनडाचा मास्तर, काटकुळा आणि भित्रा. आठ दिवसांत वाड्यांवर तिची मेघाबाई झाली आणि त्याचे दाणीसर.

* * *

मेघाबाईचा पहिला वर्ग पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीत. विषय, हात कसे धुवावेत. वीस सेकंद, बोटांच्या बेचक्यात, नखांखाली. मीही झोकात भाषांतर केलं. एप्रिलची अखेर होती.

मागून सुनंदा नावाची बाई उठली. "हात कसं धुवायचं ते कळला. आता पाणी कुठनं आणायचा ते पण सांगा!"

मी भाषांतराला कचरले, तर मेघाबाई म्हणाली, "ती बोलली तसंच्या तसं सांग." मी सांगितलं. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती सुनंदाबरोबर झऱ्यावर गेली. जाऊन-येऊन दीड तास. डोक्यावरची अर्धी कळशी वाटेतच सांडली. संध्याकाळी तिनं वर्गात एक तांब्या ठेवला आणि म्हणाली, "आजचा विषय, एका तांब्यात चार पोरांचे हात."

सुनंदा शेजारणीला म्हणाली, "बघ, बाय शिकली!"

* * *

जुलैमधली गोष्ट. शेताच्या बांधावर मेघाबाईनं एका आजोबांचं बीपी मोजलं. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजताना तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. वरचा आकडा दोनशेच्या पुढे, डोकं दुखतंय, नजर अंधुक.

"आत्ताच्या आत्ता महाडला न्यायला हवं. उद्या उशीर होईल."

मी सांगितलं. आजोबा चिखलात उभे. "तिला सांग, माझी रोपा पण उद्यापर्यंत थांबायची नायत. उपटून ठेवलीत."

"तुम्हाला काही झालं तर?"

"आणि लावणी नाय झाली तर?"

मला वाटलं, आता ही भडकणार. तिनं बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सरळ शेतात उतरली! मग मी उतरले, शांतारामदादा उतरले, बघायला जमलेल्या चार बायकाही उतरल्या. रोपांची एक ओळ, त्यांच्या भाषेत वळ, लागून होईपर्यंत आजोबा बघत राहिले. मग जीपमध्ये जाऊन बसले. शांतारामदादांनी चिखलाच्या पायांनीच गाडी सोडली.

डॉक्टर नंतर म्हणाले, अजून दोन तास गेले असते तर अवघड होतं. सलाईन लागलेल्या अवस्थेतच आजोबांनी पहिला प्रश्न विचारला, "त्या गोऱ्या बायनं लावलेली वळ कुठली? ती पुन्हा लावाय लागंल!"

* * *

दाणीसरांची शाळा बिरवाडीला. एक दिवस अकराच्या सुमाराला मला हेडमास्तरांचा फोन. "मॅडम, तुमचे सर आणि सहावीचा आख्खा वर्ग गायब आहे!"

मी पोचले तर फाटकाशी आईबाप जमलेले. वर्गात दप्तरं तशीच, फळ्यावर अर्धं वाक्य. एक आई तर जमिनीवर बसून रडत होती. आम्ही चहूकडे माणसं पाठवली. पाऊण तासानं एकजण टेकडीवरच्या देवळातून ओरडला, "हायत रे! सगळी हायत!"

झालं होतं असं की, कुठल्याशा रसायनाच्या कारखान्याचा भोंगा वाजला होता. चाचणीचा भोंगा, बिरवाडीला त्याची सवय. दाणीसरांनी तो पहिल्यांदाच ऐकला आणि त्यांना वाटलं, विषारी वायू सुटला. त्यांनी नाकाला ओला रुमाल लावायला सांगून एकेचाळीस मुलं वाऱ्याच्या उलट दिशेला टेकडीवर नेली आणि तिथं पुन्हा पुन्हा मोजत बसले.

हेडमास्तर संतापले. "अहो, हा नेहमीचा चाचणीचा भोंगा आहे! आम्ही कुणी पळतो का?"

मी भाषांतर केलं. दाणीसर पांढरेफटक पडले होते, पण म्हणाले, "मग खरा वाजेल तेव्हा तुम्हाला कसं कळणार?"

मी हेही सांगितलं. जमलेल्यांतले निम्मे कारखान्यात कामाला. मग ती मघाशी रडणारी आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "सर, टेकडीवर जायाची ती वाट आमाला पण दावा."

* * *

एका वाडीत तरण्या गड्याला घोणस चावली. आम्ही पोचलो तेव्हा भगत समोर बसलेला, नारळ फुटलेला, पाय सुजून निळा. मेघाबाई ओरडली, "उचला याला!" भगत ओरडला, "हात लावायचा नाय!" वाडी भगताच्या बाजूनं. दोन माणसं आमच्या जीपसमोर आडवी उभी राहिली.

तेवढ्यात शांतारामदादा पुढे झाले. भगताला हात जोडून म्हणाले, "बाबा, तुमचा मंत्र मोडू नका. गाडीत बसून म्हणा. जागा हाय."

वाट आपोआप मोकळी झाली. महाडपर्यंत तासभर भगत डोक्याशी मंत्र म्हणत होता आणि मेघाबाई पायाला फळी बांधून, तो हलू न देता पायाशी बसली होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. दवाखान्यात विषावरची इंजेक्शनं दिली आणि गडी वाचला.

पंधरा दिवसांनी भगत संस्थेच्या दारात. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "बायला विचार, त्या इंजेक्शनातली चार माझ्याकडं ठेवायला मिळतील काय?"

* * *

महाडजवळच्या तळीये गावावर दरड कोसळली तेव्हापासून सलग चार दिवस पाऊस लागला की आमच्याकडे कुणी नीट जेवत नाही. अशाच एका पावसात आम्ही पोलादपूरकडच्या एका वाडीत होतो. वरच्या उताराला सकाळी भेग दिसली. तासाभरात सगळी वाडी खालच्या शाळेत उतरली. राहिली एकटी गंगूबाई. वाडीतली सुईण, सत्तरी ओलांडलेली.

लेकानं पाय धरले. तलाठी भाऊसाहेबांनी समजावलं. शांतारामदादा उचलायला वाकले तर तिनं कोयता उगारला. "हात लावलास तर बघ! मला कुठं जायाचा नाय."

मेघाबाई बोलत होती, मी भाषांतर करत होते. गंगूबाई ना तिच्याकडे बघत होती, ना माझ्याकडे. वरून दोन दगड गडगडत आले आणि गोठ्याला आपटले. तलाठी म्हणाले, "चला, आता आपण तरी निघू."

तेव्हा मेघाबाई मला म्हणाली, "तू थांब. आता बोलू नकोस."

ती गंगूबाईच्या शेजारी जमिनीवर बसली आणि बोलायला लागली. इंग्रजी नव्हतं ते. तिच्या घरची, वेल्सची भाषा. मला एक अक्षर कळेना. बराच वेळ ती एकटीच बोलत होती. मग गंगूबाई मराठीत काहीतरी पुटपुटली. मेघाबाईनं तिच्या भाषेत उत्तर दिलं. गंगूबाईनं पुन्हा काही विचारलं, ही पुन्हा बोलली. पावसात मला धड ऐकूही येत नव्हतं. शेवटी गंगूबाईनं कोयता खाली ठेवला, घोंगडी घेतली, दाराला कडी घातली आणि मेघाबाईचा हात धरून उतरायला लागली.

दुपारी डोंगर खाली आला. तीन घरं गेली, त्यात तिचंही. आत कुणी नव्हतं.

शाळेत गंगूबाई भात खात बसली होती. मी मेघाबाईला विचारलं, "काय सांगितलंस तिला?" तिनं नुसतं गंगूबाईकडे बोट दाखवलं.

मी गंगूबाईशेजारी जाऊन बसले. "मावशी, काय म्हणाली गो ती तुला?"

तिनं घास थांबवून माझ्याकडे नवलानं पाहिलं.

"म्हंजे, तुला नाय कळला? मग तू दुभाषी कसली गो?"