सिस्टीमवाली आणि नसलेला माल

जेवता जेवता मध्येच तिचा हात थांबायचा आणि ती म्हणायची, "काकू, माझा गोंधळ झालाय." हे ती अशा आवाजात सांगायची की जणू दारात पाहुणे आलेत, जरा उठा. लाज नाही, कुरकुर नाही. पाण्याचा घोट घ्यायची आणि आपला गोंधळ उलगडून ताटाशेजारी मांडायची. आमच्या घरात ही पद्धत नव्हती. आमच्याकडे कुणाचा गोंधळ झाला की तो माणूस आधी गप्प बसायचा, मग दुसऱ्यावर ओरडायचा, आणि मग जेवण झालं की सगळे विसरायचे. त्यामुळे पहिल्यांदा तिनं तसं म्हटलं तेव्हा मला वाटलं, पोरीला बरं नाहीये. मी कपाळाला हात लावून पाहिला.

ती पुण्याची. आमचे हे आझमाबादला पंख्यांच्या कारखान्यात स्टोअरचे इन्चार्ज होते, आणि त्या कारखान्यात कॉम्प्युटरवरची नवी सिस्टीम बसवायला तिच्या कंपनीनं तिला धाडलं होतं. मालक ह्यांना म्हणाले, तुमच्यातलीच, मराठी मुलगी आहे, लॉजवर कुठे ठेवायची, तुमच्याकडेच राहू द्या. म्हणून एक सुटकेस आणि फायलींचं बोचकं घेऊन ती आमच्या बरकतपुऱ्याच्या घरी वरच्या खोलीत आली. नाव चांगलं होतं तिचं, पण कारखान्यात पहिल्याच आठवड्यात ती सिस्टीमवाली झाली, आणि मीही शेजारणींना "आमची सिस्टीमवाली" असंच सांगायला लागले.

तो काळच असा होता. दिल्लीनं दारं उघडली म्हणे, बाहेरचा माल येणार, बाहेरचे पंखे येणार, आपले पंखे कोण घेणार. आमचे मालक तोपर्यंत कपाळाला विभूती लावून निवांत बसणारे गृहस्थ. ते मुंबईला कुठलंसं भाषण ऐकून आले आणि परेशान होऊन फिरू लागले. सगळा कारखाना एका सिस्टीममध्ये आणायचा, खरेदी, स्टोअर, विक्री, सगळं. ईआरपी की काय ते. मी तिला विचारलं, म्हणजे नक्की काय गं? ती म्हणाली, "काकू, विजयवाड्याच्या दुकानदारानं पंखे मागवले की इथे स्टोअरला कळणार, एवढी बेअरिंगं लागतील. स्टोअरमध्ये नसली तर ती लगेच सांगणार, मागवा."

"ती कोण?"

"सिस्टीम."

"आणि बेअरिंगवाला गावाला गेलेला असला तर?"

"त्याला किती दिवस लागतात तेही तिला आधी सांगून ठेवायचं."

हे सगळं ती इतक्या मायेनं सांगायची की मला बरेच दिवस ती सिस्टीम म्हणजे एखादी नणंद वाटायची, सगळ्यांच्या घरातलं माहीत असलेली आणि कुणाला न विचारता यादी धाडणारी. खरं सांगते, मला ते नीट कळलं नाही. माना मात्र डोलावल्या.

आमच्या स्वयंपाकघरावर तिनं सराव केला. डब्यांवर चिकटपट्ट्या लावून नंबर घातले. विचारायची, "तूरडाळ संपायच्या किती आधी आणता तुम्ही?" मी म्हटलं, डाळ माझ्याकडे संपत नाही. "मग कळतं कसं आणायची ते?" म्हटलं, डबा उचलला की कळतं. ती पाटावर बसून विचार करत राहिली. म्हणाली, "सिस्टीमला हात नाहीत, काकू." तिच्या पट्ट्या फोडणीच्या वाफेनं सुटल्या, तुरीचा नंबर हिंगाच्या डबीवर जाऊन बसला. गोंगुऱ्याच्या, म्हणजे अंबाडीच्या, चटणीनं डोळ्यांत पाणी येत असतानाही ती तिसऱ्यांदा वाढून घ्यायची, त्यामुळे माझा जीव तिच्यावर जडला होता, म्हणून मी पट्ट्या काढल्या नाहीत.

तिची आणखी एक गंमत होती. घरी ती ह्यांना "काका" म्हणायची आणि कारखान्याचं फाटक ओलांडलं की "सर". हेही घरी "पोरी" म्हणायचे आणि तिकडे "मॅडम". सकाळी दोघं एकाच रिक्षानं जायचे. यादगिरी म्हणून ह्यांच्या हाताखाली जुना माणूस होता, तो मला सांगायचा, "अम्मा, रिक्षे में से काका-पोरी उतरते, और गेट में सर-मॅडम घुसते. मैं देखते ठैर जातूँ." कारखान्यात दोघं कडाडून भांडले तरी संध्याकाळी ही पायातल्या चपला काढून आत यायची आणि विचारायची, "काका, पेपर वाचून झाला का?"

आता भांडण कशाचं, ते सांगायला मला आधी ह्यांच्या स्टोअरची रीत सांगावी लागेल. ह्यांची उमर गेली परमिटच्या काळात. तांब्याची तार मिळायची नाही, बेअरिंगं मिळायची नाहीत, मिळाली तर एकदम मिळायची आणि मग वर्षभर नाव नाही. म्हणून आलेल्या मालातला थोडा हे बाजूला घालून ठेवत. मागच्या शेडमध्ये, मोडक्या खोक्यांच्या पलीकडे. आणि कुणीही काही मागायला आलं की पहिलं उत्तर, "नाही." दुसऱ्यांदा आला, "नाही." तिसऱ्यांदा येऊन म्हणाला, "साहेब, बघा ना कुठे कोपऱ्यात, मशीन उभं आहे," की हे उठायचे, आणि माल निघायचा. सगळ्या कारखान्याला हे ठाऊक होतं. पहिल्या नाहीवर कुणी रागावत नसे, परत जाऊन चहा पिऊन येत. त्या रीतीवर ह्यांनी एक दिवस मशीन बंद पडू दिलं नव्हतं, आणि एक बेअरिंग कधी घरी आणलं नव्हतं.

सिस्टीममध्ये घालायला सगळा माल मोजायचा ठरला. तिनं ह्यांना विचारलं, सर, स्टोअरमध्ये आहे ते सगळं आलं ना मोजणीत? शेडमध्ये काही नाही ना? हे म्हणाले, "नाही." आणि ती पुण्याची. तिनं लिहून घेतलं, नाही.

दसऱ्याला आयुधपूजेत कॉम्प्युटरलाही हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ पडली, लिंबू फुटलं, आणि दुसऱ्या दिवशी सिस्टीम सुरू झाली. थोड्याच दिवसांत ट्रक यायला लागले. बेअरिंगं नाहीत म्हणून सिस्टीमनं बेअरिंगं मागवायला सांगितली, तार नाही म्हणून तार. इकडे कारखान्यात जुन्या सवयीनं लोक तिसऱ्यांदा विचारून शेडमधला माल नेत होते, त्याची तिला खबरच नाही. ती आपली मागवतेच आहे. स्टोअरचं शटर लागेना, तारेची रिळं सायकल स्टँडवर आली, रस्त्यावर ट्रक उभे म्हणून पोलिसाची शिट्टी. मालक ओरडले, एवढ्या मालाचं मी काय करू, लोणचं घालू? आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला: सिस्टीम खोटी की स्टोअर खोटं?

घरात त्या दिवसांत पानावरही तोच विषय. ती म्हणायची, "काकू, माझा गोंधळ झालाय. स्टोअरमधून जेवढी बेअरिंगं गेलीत त्याहून जास्त पंखे बनतायत." आणि हे भात कालवत राहायचे. मला ह्यांची गोष्ट ठाऊक होती आणि बोलता येत नव्हतं. ह्यांची निवृत्ती तोंडावर आलेली. आता शेडमधला माल बाहेर काढला असता तर कोण म्हणणार होतं की हा कारखान्यासाठी ठेवला? दडवला म्हणजे विकायला दडवला, असंच होणार. जन्मभराची अब्रू त्या मोडक्या खोक्यांच्या मागे पडली होती. आणि गप्प राहावं, तर ही पोर खोटी ठरत होती. कुणाकडून बोलावं ते मला कळेना. दोघांना वाढत राहिले.

एका रविवारी सकाळी साखर संपली. मी गुळाचा चहा केला. तिला खोकला होता म्हणून ती लवंग शोधायला फडताळात शिरली आणि लोणच्याच्या बरण्यांच्या मागून तिनं एक डालड्याचा जुना डबा ओढून काढला. भरलेला.

"काकू, ही साखर आहे की."

"ती नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे आहे, पण ती हिशेबात धरायची नाही. रेशनच्या वेळेपासून ठेवते मी. अगदीच अडलं तर."

"आज अडलं नव्हतं?"

"आज गूळ होता ना."

ती डबा हातात घेऊन उभी राहिली. माझा गोंधळ झालाय, असं म्हणेल म्हणून मी वाट पाहिली. तिनं मात्र डबा होता तिथे ठेवला, बरण्या पुढे लावल्या, आणि ओसरीवर गेली. हे बुटांना पॉलिश करत बसले होते.

"सर," ती म्हणाली, "मागच्या शेडमध्ये काय आहे?"

घरात सर! माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. ह्यांनी ब्रश खाली ठेवला. म्हणाले, "ते उद्या तिकडे विचार. इथे चहा पी."

दुसऱ्या दिवशी तिनं तिकडे विचारलं आणि ह्यांनी एकदाही नाही न म्हणता किल्ली काढून शेड उघडली. यादगिरी मागून सांगत होता, खोकी हलवली तर आत सगळं रांगेत लावलेलं, बेअरिंगं तेलाच्या कागदात गुंडाळलेली, तारेच्या रिळांवर जुन्या चादरी. "मॅडम रोने लगते समझा मैं. लेकिन गिनने बैठ गए, अम्मा."

मग मालकांपुढे बोलावणं झालं. ह्यांनी कोट घातला होता. मालकांनी विचारलं, हा माल कसला? हे तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "हा सेफ्टी स्टॉक आहे, सर. अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा असतो, सगळ्या मोठ्या कारखान्यांत ठेवतात. स्टोअरनं ठेवला होता. सिस्टीममध्ये त्याला जागा करायची माझ्याकडून राहिली."

"म्हणजे चूक कुणाची?"

"माझी."

हे घरी येऊन मला एवढंच म्हणाले, "तिनं स्वतःवर घेतलं." आणि कोट न काढताच आरामखुर्चीत बसून राहिले. सिस्टीममध्ये शेडला नंबर मिळाला, ट्रक थांबले. पुण्याहून तिच्या कंपनीनं तिला परत बोलावलं आणि टाय लावणारा एक मुलगा पाठवला. तो लॉजवर राहिला.

ती सामान भरत असताना मी वर गेले. म्हटलं, "तू खोटं का बोललीस गं?"

"खोटं नाही, काकू. सेफ्टी स्टॉक असतोच. आणि जागा मी केली नव्हती, हेही खरंच."

"पण तुला ठाऊकच नव्हतं ना."

"मग परत विचारायला हवं होतं. इथे सगळे तीनदा विचारतात. मी एकदाच विचारलं."

"मग चूक तुझी, की ह्यांची?"

ती साडीची घडी हातात धरून थांबली. म्हणाली, "माझा गोंधळ झालाय." आणि हसली. मीही हसले. आजही ती गोष्ट कुणाला सांगायला बसले की तिथे येऊन अडते. ह्यांनी माल राखला की दडवला, ती खरं बोलली की खोटं, दर वेळी मला वेगळंच वाटतं. नातवाला विचारलं, तो असल्याच सिस्टीमच्या कंपनीत आहे. तो म्हणाला, "आज्जी, तो डेटा मायग्रेशनचा इश्यू होता." मी मान डोलावली. सवयच आहे मला.

नामपल्ली स्टेशनवर तिला सोडायला मी एकटीच जाणार होते. हे कामावरून आधीच निघून थेट फलाटावर येऊन उभे राहिलेले. हातात काही नाही. खिडकीच्या गजाला धरून उभे होते. शिट्टी झाली तेव्हा ती म्हणाली, "येते, काका." ह्यांनी गज सोडला, दोन पावलं मागे आले, आणि मालकांपुढे उभे राहत तसे ताठ उभे राहून म्हणाले, "सांभाळून जा, मॅडम."

परत येताना रिक्षात मी विचारलं, "फलाटावर तिला मॅडम का म्हणालात?"

"काही नाही."

काचिगुड्याच्या चौकात रिक्षा थांबली तेव्हा पुन्हा विचारलं. "काही नाही म्हटलं ना."

घर आलं. मी कुलूप काढता काढता तिसऱ्यांदा विचारलं, "अहो, काय झालं?"

हे चपला काढत होते. खाली बघूनच म्हणाले, "बरण्यांच्या मागची साखर काढ. चहा कर."

त्या डब्याचं ह्यांना माहीत होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.